बहुभाषी गावाची वाचा : गुडीहत्नूरच्या निमित्ताने



ग्रंथालय हे वाणीचे घर होय. बोलून गेलेला शब्द वाऱ्यावर विरतो. लिहिलेला शब्द येथे फडताळात विसावतो आणि शंभर वर्षांनीही हाक मारली की ओ देतो. अशा घराच्या शतसांवत्सरिक सोहळ्यात ग्रंथांविषयी बोलावे, हा शिरस्ता आहे. परंतु ग्रंथाच्या अलीकडे एक पायरी आहे. ती म्हणजे तोंडातून उमटणारा शब्द, आपल्या पूर्वसूरींनी जिला वैखरी म्हटले ती वाणी. परा, पश्यंती आणि मध्यमा या तीन वाणी आत असतात. चौथी तेवढी बाहेर येते. आतल्या तिन्ही शाबूत असून चौथीचेच दार अडले, तर त्या माणसाचे काय होत असेल? ज्या मुलाचा पहिला शब्दच अडला, ज्या वृद्धाची वाचा एका रात्रीत बसली, त्यांच्यासाठी ग्रंथालयाचे दार उघडे असूनही बंदच असते. आणि गावात एक नव्हे तर पाच-सहा भाषा नांदत असतील, तर त्या अडलेल्या वाचेवर उपचार करायचा कोणत्या भाषेत? आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. तो समजून घेण्यासाठी तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, गुडीहत्नूर या गावी मनाने जावयाचे आहे.

आदिलाबादच्या दक्षिणेस, श्रीनगर ते कन्याकुमारी जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर हे मंडल-मुख्यालय आहे. येथूनच एक रस्ता पूर्वेकडे इंद्रवेल्ली आणि उटनूरच्या डोंगराळ मुलखात शिरतो. 'गुडी' म्हणजे तेलुगूत देऊळ. मराठी कानाला मात्र त्यात गुढीचा भास होतो. एकच नाव दोन कानांना दोन अर्थ सांगते, यातच गावाचा स्वभाव आला. बाजाराच्या दिवशी येथे तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी, कोलामी आणि लंबाड्यांची बोली अशा भाषा खांद्याला खांदा लावून वावरतात. कापसाचा सौदा एका भाषेत, तंटा दुसऱ्या भाषेत आणि देवाचे नाव तिसऱ्या भाषेत, हे तेथील माणसाला नवलाचे वाटत नाही.

याची मुळे इतिहासात आहेत. आदिलाबाद हा निजामी हैदराबाद संस्थानचा जिल्हा. राज्यकारभाराची आणि शिक्षणाची भाषा उर्दू, रयतेच्या भाषा तेलुगू आणि मराठी, तर डोंगरातील आदिवासींच्या गोंडी व कोलामी. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली. तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघून मराठी मुलखाला जोडले गेले. आज किनवट नांदेड जिल्ह्यात आहे, तर राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात. उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला. २ जून २०१४ रोजी तो तेलंगणात आला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याचे चार जिल्हे झाले. नकाशावरच्या रेषा अशा सरकत राहिल्या. माणसे मात्र जेथल्या तेथेच राहिली आणि त्यांच्या जिभाही. पैनगंगेच्या अलीकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबाची सोयरीक पलीकडच्या यवतमाळात होते. त्याचा सात-बारा मात्र तेलुगूत असतो.

या मुलखातील परधानांचे उदाहरण तर भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. परधान हे गोंडांचे परंपरागत भाट. गोंडांच्या कुलदैवतांच्या आणि पूर्वजांच्या दीर्घ कथा ते किंगरीच्या साथीने गोंडीत गातात. आदिलाबादच्या परधानांची घरची भाषा मात्र मराठी. चुलीपाशी मराठी आणि देवापाशी गोंडी, अशी ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. दोन भाषांनी मेंदूत गोंधळ होतो, असे म्हणणाऱ्याने आधी या भाटांकडे पाहावे.

आता वाचोपचाराकडे वळू. हा शब्द नवा असला, तरी वाणीची चिकित्सा आपल्याकडे नवी नाही. आपल्या वर्णमालेचाच विचार करावा. क-वर्ग कंठातला, च-वर्ग तालूतला, ट-वर्ग मूर्ध्यातला, त-वर्ग दातांतला, प-वर्ग ओठांतला. घशापासून ओठांपर्यंत क्रमाने येणारी ही मांडणी म्हणजे मुखाचा नकाशाच होय. पाणिनीय शिक्षेत वर्णोच्चाराला वाघिणीची उपमा दिली आहे. पिलू पडू नये आणि त्याला दातही लागू नये, अशा बेताने वाघीण ते तोंडात धरून नेते. तसा वर्ण उच्चारावा, असे तेथे सांगितले आहे. लोकव्यवहारातही या गोष्टीची काळजी होतीच. बाळाची जीभ हलकी व्हावी म्हणून मधात उगाळलेले वेखंड चाटवणारी आजी कोणत्या मराठी घरात नव्हती? वेखंडाने तोतरेपणा जातो, याला शास्त्राचा आधार नाही आणि तान्ह्या बाळाला मध देणे आज वैद्यक निषिद्ध मानते. परंतु वाणीचा दोष हा नशिबाचा नसून उपायाचा विषय आहे, ही त्या आजीची श्रद्धा खरी होती.

आधुनिक वाचोपचाराची क्षेत्रे साधारणपणे अशी सांगता येतील. एक, ऐकू न आल्यामुळे न आलेले बोलणे. दोन, वर्णांचे सदोष उच्चार, म्हणजे बोबडेपणा. तीन, दुभंगलेल्या टाळूमुळे येणारा गेंगाणेपणा. चार, तोतरेपणा. पाच, भाषेचीच वाढ मागे पडणे. सहा, स्वरयंत्राचे विकार. आणि सात, मेंदूच्या आघाताने वाचा जाणे किंवा जड होणे. गिळण्याचा त्रासही याच तज्ज्ञाच्या अखत्यारीत येतो, कारण बोलणे आणि गिळणे यांची वाट एकच आहे.

भारतात या विद्येचे शिक्षण रुजले ते गेल्या साठ वर्षांत. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ साली सुरू झाली. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली राष्ट्रीय श्रवण संस्था स्थापन झाली आणि तिला अली यावर जंग यांचे नाव देण्यात आले. हे हैदराबादचे सुपुत्र, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल. म्हणजे हैदराबाद आणि महाराष्ट्र यांचा दुवा येथेही आहे; संस्थेचे एक प्रादेशिक केंद्र सिकंदराबादला आहे. १९९२ साली भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला आणि या व्यवसायाला नियमांची चौकट मिळाली. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात श्रवणदोषाला जागा होती, वाणीच्या दोषाला स्वतंत्र जागा नव्हती. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने 'वाणी व भाषा यांचे अपंगत्व' २१ प्रकारांत समाविष्ट केले. कायद्याला माणसाची हरवलेली वाचा ऐकू यायला एवढी वर्षे लागली.

या साऱ्या व्यवस्थेत बहुभाषी गावाचा प्रश्न वेगळा आहे. तेथे दोन प्रकारच्या चुका संभवतात. त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत आणि दोन्ही सारख्याच घातक आहेत.

पहिली चूक म्हणजे जो दोष नाही, त्याला दोष समजणे. गोंडी घरातले एक मूल कल्पावे. ते मराठी शाळेत 'भाकर'ला 'बाकर' म्हणते आणि 'धान्य'ला 'दान्य'. गुरुजींना वाटते, जीभ जड आहे. वास्तविक गोंडी आणि कोलामी या द्राविड कुळातल्या भाषांत महाप्राण वर्ण मुळचे नाहीत. मुलाची जीभ जड नाही. ती आपल्या घरच्या वळणाने चालते आहे, इतकेच. उर्दू घरातले मूल 'केळे'चे 'केले' करते, 'बाण'चा 'बान' करते, कारण त्याच्या भाषेत ळ आणि ण नाहीत. 'चाक' शब्दातला दंततालव्य च त्याला 'चार'मधल्या च-सारखाच वाटतो. तेलुगूभाषक मुलाला तो च जड जात नाही, कारण त्याच्याही भाषेत तो आहे. त्याची अडचण निराळी असते. मराठीत तो आला, ती आली, ते आले, अशी तीन लिंगे. तेलुगूत पुरुष आला तर 'वच्चाडु'. पण बाई आली, गाय आली किंवा बस आली, तरी 'वच्चिंदि'. हे व्याकरण घेऊन आलेले मूल मराठीत लिंगाची गल्लत करते. ती गल्लत मंदबुद्धीची खूण नव्हे. एका भाषेचे व्याकरण नीट शिकल्याचीच ती खूण होय. अशा मुलाला वाचोपचाराची गरज नसते. त्याला हवे असतात थोडा अवधी आणि समजून घेणारा शिक्षक. परंतु त्याच्यावर 'मंद' हा शिक्का एकदा बसला की तो पाटीवरून पुसला जातो, मनावरून जात नाही.

दुसरी चूक याहून अधिक महाग पडते. ती म्हणजे जो दोष आहे, त्याला भाषांचा गोंधळ समजणे. तीन वर्षांचे मूल बोलत नाही. आई काळजीत पडते. शेजारी धीर देतात, "घरात इतक्या भाषा आहेत, उशीर होणारच. बापही उशिराच बोलायला लागला होता." चौथे वर्ष जाते, पाचवे जाते. शाळेत घालताना कोणाला तरी शंका येते, कान तपासले जातात आणि कळते की मुलाला जन्मापासून ऐकूच येत नाही. ती गेलेली पाच वर्षे कोणी परत आणून देऊ शकत नाही. बालपणीचा मेंदू भाषेच्या पेरणीसाठी वाफशावर आलेल्या जमिनीसारखा असतो. पेरणी हुकली की पुढे पाऊस कितीही झाला, तरी पीक मनासारखे येत नाही. हे कापसाच्या मुलखाला निराळे सांगावयास नको. म्हणूनच जन्मानंतर पहिल्या महिन्यात श्रवणाची चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजना, असा दंडक जगभर मानला जातो. चाचणीचे यंत्र लहानसे असते. झोपलेल्या बाळाच्या कानाशी ते काही वेळ धरले, की पुढील तपासणी हवी की नको ते कळते. बाळाला त्याचा काहीही त्रास होत नाही.

बहुभाषी घरात वाढल्याने मूल मुके होत नाही, तोतरे होत नाही आणि मंदही होत नाही, हे आज संशोधनाने पुरेसे स्पष्ट झाले आहे. १९६२ साली कॅनडातील माँट्रिअल येथे पील आणि लँबर्ट यांनी दोन भाषा येणाऱ्या मुलांची तुलना एकभाषी मुलांशी केली. त्यापूर्वीचा समज द्विभाषी मुले मागे पडतात असा होता. या अभ्यासात ती मागे पडली नाहीत, उलट सरस ठरली. या अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे आक्षेपही आले. पण द्विभाषिकता हा रोग आहे, ही समजूत मात्र तेव्हापासून ढासळली. मूल एका वाक्यात दोन भाषांचे शब्द मिसळते, हीदेखील विकृती नव्हे. ज्या गल्लीत सारेच तसे बोलतात, तेथे ते मूल त्या गल्लीची भाषा अचूक शिकलेले असते.

मग भेद आणि दोष यांची पारख कशी करावी? कसोटी साधी आहे. भेद एका भाषेत दिसतो. दोष सर्व भाषांत दिसतो. सहा-सात वर्षांचे मूल मराठीत 'रस्ता'ला 'लस्ता' म्हणते, उर्दूत 'रोटी'ला 'लोटी' म्हणते आणि तेलुगूत 'राजु'ला 'लाजु' म्हणते, तर तेथे र वर्णाचाच प्रश्न आहे आणि त्यावर उपचार आहेत. तेच मूल मराठीत अडखळते पण आईशी गोंडीत घडाघडा बोलते, तर प्रश्न मराठीच्या परिचयाचा आहे, वाचेचा नाही. म्हणून तज्ज्ञाने पहिला प्रश्न मुलाला विचारायचा नसतो, आईला विचारायचा असतो : "घरी हे कोणाशी, कोणत्या भाषेत बोलते? याच्या भावंडांच्या मानाने कसे बोलते?" आईला तेलुगू येत नसेल आणि तज्ज्ञाला गोंडी येत नसेल, तर मध्ये दुभाषा हवा. तो दुभाषाही सांगून तयार केलेला हवा, कारण मायेने तो मुलाचे मोडके वाक्य सुधारूनच सांगतो आणि तपासण्याचा दोष तेथेच झाकला जातो.

शब्दांची मोजदाद करतानाही हेच पथ्य पाळावे लागते. पाणी ही एकच वस्तू. मराठीत ते पाणी, तेलुगूत नीळ्ळु, गोंडीत येर, कोलामीत ईर. दोन वर्षांच्या मुलाला घरात वीस शब्द गोंडीचे, गल्लीत पंधरा मराठीचे आणि अंगणवाडीत दहा तेलुगूचे येत असतील, तर तेलुगूची परीक्षा घेणारा त्याला दहा शब्दांचा धनी ठरवील. त्याची खरी मालमत्ता तिन्ही थैल्या एकत्र ओतल्यावरच कळते. सर्वसाधारणपणे वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडवाक्ये आणि तीन वर्षांपर्यंत परक्यालाही बरेचसे कळेल असे बोलणे, ही वाढीची मैलकुसे कोणत्याही भाषेतल्या मुलासाठी आहेत. ती गाठताना भाषा कोणती, हे पाहायचे नसते.

येथे एका सल्ल्याचा समाचार घेणे प्राप्त आहे. मुलाचे बोलणे मागे पडले की पुष्कळदा सुशिक्षित माणसेच सांगतात, "घरची बोली बंद करा, शाळेची एकच भाषा बोला." सल्ला हितबुद्धीने दिलेला असतो, पण परिणाम विपरीत होतो. जी भाषा आईला नीट येत नाही, त्या भाषेत ती मुलाशी किती बोलणार? तिचे लडिवाळ बोल बंद होतात, गोष्टी बंद होतात, अंगाई बंद होते. उरतात त्या चार आज्ञा : ये, जा, खा, झोप. बोलायला मागे पडलेल्या मुलाला अधिक बोलणे ऐकू यायला हवे असते, तेथे ते कमी होते. शिवाय आजी-आजोबांशी त्याचा दुवा तुटतो तो निराळाच. आईने आपल्या भाषेतच मुलाशी भरपूर बोलावे, हीच आजच्या तज्ज्ञांची शिकवण आहे. घरची भाषा पक्की झाली, की तिच्या पायावर शाळेची भाषा उभी राहते.

तोतरेपणाविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, लहानपणी बोलता बोलता अडणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचा दोष मोठेपणी जातो आणि प्रौढांमध्ये शंभरांत सुमारे एकाचा उरतो. मुलाचे वाक्य आपण पुरे करू नये, 'नीट बोल' म्हणून दटावू नये, चारचौघांत पुढे करून त्याच्याकडून काही म्हणवून घेऊ नये. अडणे सहा महिन्यांहून अधिक टिकले किंवा मूल बोलणेच टाळू लागले, तर तज्ज्ञाकडे न्यावे. अनेक भाषांच्या गावात तोतऱ्या माणसाला एक सोय असते आणि तीच अडचणही ठरते. एका भाषेतला शब्द अडला, की तो दुसऱ्या भाषेतला सोपा शब्द उचलून पुढे जातो. लोकांना त्याचे तोतरेपण दिसत नाही. त्याला मात्र आत ते सतत बोचत असते.

आता प्रौढांकडे वळू. अर्धांगवायूचा झटका येतो आणि चांगला बोलता-चालता माणूस मुका होतो. याला वाचाघात म्हणतात. १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यवैद्याने डाव्या मेंदूचा पुढला एक विशिष्ट भाग बोलण्याशी संबंधित असल्याचे दाखवून दिले. वाचाघातात जीभ, ओठ, घसा जागच्या जागी असतात. शब्द शोधणारी, वाक्य जुळवणारी यंत्रणा बिघडते. म्हणून त्या माणसाला वेड लागले असे समजू नये आणि तो बहिरा झाला असे समजून मोठ्याने ओरडूही नये. अचानक वाचा अडखळली, तोंड वाकडे झाले, हात गळाला, तर तो तातडीचा प्रसंग होय. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच उपयोगी पडते. अंगारा-धुपारा करण्यात ते तास घालवू नयेत.

अनेक भाषा येणाऱ्या माणसाला वाचाघात झाला, तर कोणती भाषा आधी परत येते? या प्रश्नाने सव्वाशेहून अधिक वर्षे विद्वानांना गुंतवून ठेवले आहे. १८८१ मध्ये रिबो याने मांडले की जे सर्वांत आधी शिकले ते सर्वांत शेवटी जाते. म्हणजे मातृभाषा टिकते. १८९५ मध्ये पीत्र याने म्हटले की आघाताच्या वेळी जी भाषा सर्वाधिक वापरात होती, ती आधी परतते. पुढील अभ्यासात दोन्ही नियमांना अपवाद सापडले. बहुतेक रुग्णांत भाषा बरोबरीनेच सुधारतात. काहींत एक पुढे आणि एक मागे असे होते.

हा केवळ विद्वानांचा वाद नव्हे. गुडीहत्नूर परिसरातला नव्वदीकडे झुकलेला एखादा मराठी गृहस्थ नजरेसमोर आणावा. घरची भाषा मराठी, निजामी अमदानीत लहानपणी शाळा उर्दू, पुढचा सारा व्यवहार तेलुगूत. त्याला वाचाघात झाला आणि शहरातील रुग्णालयात तपासणी तेलुगूत किंवा इंग्रजीत झाली, तर 'काहीच बोलत नाही' असा शेरा पडेल. घरी आणल्यावर मात्र नातसून 'आजोबा, चहा घेता का?' म्हणेल आणि ते 'घेतो' म्हणून जातील. त्यांची वाचा गेलेली नव्हती. तिला कोणी तिच्या नावाने हाक मारली नव्हती. म्हणून अशा रुग्णाच्या प्रत्येक भाषेची तपासणी व्हावयास हवी आणि ज्या भाषेला अंकुर दिसेल, ज्या भाषेत घर त्याच्याशी बोलणार आहे, तिच्यापासून उपचाराला प्रारंभ व्हावयास हवा.

आणखी एक विलक्षण गोष्ट अशी, की बोलता न येणारे काही रुग्ण गाऊ शकतात. शब्द सुरात घातला की ओठांवर येतो. १९७३ साली अमेरिकेतील संशोधकांनी या अनुभवावर स्वरांच्या साहाय्याने बोलणे शिकवण्याची पद्धत बसवली. जेथे भजन, आरती, ओव्या आणि परधानांच्या कथा माणसाच्या अंगवळणी पडलेल्या आहेत, त्या मुलखात ही वाट किती जवळची आहे! घरच्यांनीही लहान वाक्ये बोलावीत, उत्तरासाठी थांबावे, हो-नाही असे उत्तर देता येईल असे विचारावे, चित्र दाखवावे, खूण चालवून घ्यावी. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पण नंतरही ती थांबत नाही. 'आता काही उपयोग नाही' हे वाक्य वाचाघाताच्या घरात कोणी उच्चारू नये. बोलता न येणाऱ्यालाही ते ऐकू जाते.

या प्रश्नाची वाट मात्र याच मातीतल्या माणसांनी पूर्वी दाखवून ठेवली आहे. १९४३ साली आदिलाबादच्या डोंगरातील मारलवाई येथे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि गोंडी भाषेतील पहिली वाचने देवनागरी लिपीत तयार करण्यात आली. मराठी वाचकांना इतिहासकार म्हणून परिचित असलेले सेतुमाधवराव पगडी हे हैदराबाद संस्थानच्या सेवेतील अधिकारी. आदिवासींमध्ये काम करताना ते त्यांच्या भाषा शिकले आणि १९५० मध्ये कोलामीचे, १९५४ मध्ये गोंडीचे व्याकरण त्यांनी प्रसिद्ध केले. ज्याच्यावर अंमल चालवायचा, त्याची भाषा आधी शिकावी, हा धडा एका मराठी माणसाने तेथे घालून दिला. २००४ पासून तत्कालीन आंध्र प्रदेशात गोंडी, कोलामी, बंजारा यांसह आठ भाषांत प्राथमिक शिक्षणाचा उपक्रम सुरू झाला, तो त्याच वाटेवरचा. भाषांचे शेजार हे भांडण नसते, हे सांगलीजवळच्या कुपवाडनेही दाखवले आहे. गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये तेथील मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगूचा अभ्यास प्रसिद्ध केला. शतकानुशतके एकत्र नांदून या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती, की शब्द बदलले तरी वाक्याचा सांगाडा तोच राहावा.

उपचाराची साधने आज पूर्वीपेक्षा अधिक आहेत. आदिलाबादला २००८ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि जिल्हा पातळीवर उपचारकेंद्र यांची योजना आहे. श्रवणदोष आणि बोलण्यातील विलंब यांचा त्यात समावेश आहे. दूरध्वनीवरून, पडद्यावर समोरासमोर बसून उपचार करण्याची पद्धत २०२० नंतर रूढ झाली. तरीही तज्ज्ञ बहुतांशी मोठ्या शहरांतच आहेत, आणि त्यांच्या हाती असलेली चाचण्यांची चित्रेही पुष्कळदा शहरातलीच असतात. ज्या मुलाने उद्वाहक कधी पाहिला नाही, त्याला त्याचे चित्र दाखवून नाव विचारण्यात काय हशील? त्याला कापसाचे बोंड दाखवावे, जोंधळ्याचे कणीस दाखवावे, मोहाचे फूल दाखवावे; मग ते कोणत्या भाषेत नाव सांगते ते पाहावे.

येथेच ग्रंथालयाचे काम सुरू होते. वाचोपचार करणे हे ग्रंथालयाचे काम नव्हे. परंतु त्या मुलखातील वस्तूंची चित्रे आणि त्यांची मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी, कोलामी नावे देवनागरीत व तेलुगू लिपीत छापलेली एक चित्रपोथी सिद्ध करणे, हे ग्रंथालयाचेच काम होय. आठवड्यातून एकदा बालविभागात गोष्ट मोठ्याने वाचून दाखवणे, त्या गोष्टीला त्याच गल्लीतील आजीला बोलावून तिच्या बोलीतही ती सांगायला लावणे, अर्धांगवायूने मुके झालेल्या जुन्या सभासदाच्या घरी जाऊन त्याच्या आवडीचे पुस्तक त्याच्यासमोर वाचणे, यांसाठी फार मोठा निधी लागत नाही. आणि 'मूल तीन वर्षांचे झाले, बोलत नाही. आधी कान तपासा' एवढे एक वाक्य पाच भाषांत लिहून दाराशी लावले, तरी एखाद्या मुलाची पाच वर्षे वाचतील. आश्रयदात्यांनी ग्रंथांच्या कपाटांसाठी सढळ हाताने दिले आहे. एवढ्या पाच ओळींसाठीही ते देतील, याविषयी शंका नाही.

ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद बोलविले, ही कथा मराठी मनात सातशे वर्षे घर करून आहे. तिच्या सत्यासत्याची चर्चा विद्वानांनी करावी. तिच्यातला भाव एवढाच, की वाणी ही कोणा एका वर्णाची, एका भाषेची मिरासदारी नव्हे; ज्याला मुका समजून दूर सारले, त्याच्याही आत ती आहे. ती बाहेर यावी यासाठी हात पाठीवर ठेवणारा कोणी भेटावा लागतो. गुडीहत्नूरच्या गल्लीतले न बोलणारे मूल आणि ओसरीवर बसलेला वाचा बसलेला वृद्ध, दोघेही त्या हाताची वाट पाहत आहेत. या ग्रंथालयाने शंभर वर्षे लिहिलेला शब्द जपला. पुढील शतकात न उमटलेला शब्दही त्याने जपावा, एवढीच या प्रसंगी प्रार्थना.